सुटे

लुईस बेटावर, चर्चमागच्या हॉलमध्ये
ऑगस्टातल्या दुसऱ्या शनिवारी टेबलं मांडतात.
रविवारी नाही. रविवारी इथे बागेतले झोपाळेसुद्धा
साखळीने बांधून ठेवायचे, अगदी परवापरवापर्यंत.
डोलिना मॅकऑलेच्या टेबलावर गल्ला माझ्याकडे.
पोस्टात चौतीस वर्षं तिकिटं फाडलेला हात आहे,
पैशाला चुकत नाही.

ती विकते कानातली.
फुटक्या बशांची.
ओहोटीला खडकांतून वेचते कपच्या:
कुणाच्या लग्नातला सेट, कुणी रागाने भिरकावलेली कपबशी
(भांड्याला भांडं लागलं की इथे ते समुद्रातच जातं),
निळ्या वेलीचं अर्धं पान,
सोनेरी काठ, झिजून नुसता पिवळा उरलेला.
लाटांनी चघळून चघळून कडा बोथट केलेल्या.
पाण्याखाली धरून ती भोक पाडते.
कोरडं पाडलं तर तडकतं, म्हणते,
आणि विषय संपवते.

तीन पौंडांना जोड.
जोड म्हणायचं आपलं.
हे दोन जुळत नाहीत, असं बोटीवरून आलेली पाहुणी म्हणाली
तेव्हा डोलिनाने तिच्याकडे नीट पाहून सांगितलं,
कान तरी कुठे जुळतात.

सगळा पैसा लाइफबोटीला.
दोरखंड, डिझेल,
अपरात्री अंथरुणातून उठून जाणाऱ्या सात जणांचे रबरी बूट.

तिच्या ईव्हरला शोधायला हीच बोट गेली होती.
अकरा तास.
मी धक्क्यावर थर्मास घेऊन उभी होते,
म्हणून मला ठाऊक आहे
घाई नसलेल्या बोटीचा आवाज कसा येतो.

पुढच्या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा टेबल मांडलं
आणि पहिलं गिऱ्हाईक टॉर्मड.
बोटीचा तांडेल. त्या रात्रीही तोच.
बायको नाही, बहीण नाही, लेक नाही.
एक जोड उचलला, वीसची नोट ठेवली,
सुटे न घेता निघून गेला.
दुसऱ्या वर्षी तेच. नऊ वर्षं तेच.
स्टॉर्नोवेत ठेवली असेल कुणीतरी, हॉलभर कुजबुज,
नऊ नऊ जोड मिरवणारी.
आणि ती नोट डोलिना दरवर्षी स्वतःच घ्यायची,
एप्रनच्या खिशात घालायची,
गल्ल्यात टाकायची तीन नाणी.
मी बघत होते. गप्प होते.
काय समजत होते ते इथे लिहीत नाही.

यंदा त्याने बोट सोडली, गुडघ्यांपायी.
काठी टेकत आला, टॉफीचा डबा टेबलावर ठेवला.
आत नऊ जोड, पुठ्ठ्याला टोचलेले तसेच,
तिच्याच अक्षरातली किंमत, शाई विटलेली.
डोलिनाने डब्याकडे पाहिलं.
मग टेबलावरचं कापड उचलून खालून पाकीट काढलं.
दरवर्षीचे सतरा. एकशे त्रेपन्न.
"तुझे सुटे," ती म्हणाली.

त्याने घेतले.
शेजारी दानपेटी होती, निळी, होडीच्या आकाराची,
फट अगदी चिंचोळी.
एकेक नोट घडी करून सारू लागला.
जाड बोटं. वेळ लागला.
मागे रांग खोळंबली, कुणी खाकरलं,
एका पोराने आईला मोठ्याने विचारलं, आजोबा काय करतायत.
डोलिना तोवर डब्यातले जोड
नव्यांच्या ओळीत मांडत होती.
विकलेलं परत विकायचं, मी विचारलं, वहीत लिहू काय?
"नऊ जोड," ती म्हणाली. "आवक."

चार वाजेपर्यंत आठ गेले.
नववा मी घेतला, पाचाची नोट दिली.
तिने दोन पौंड माझ्या तळहातावर मोजले.
मी ते घेतले.